वखारीची जागा आणि वरचा ढीग यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पूर्वी दगडी कोळशाची वखार व हल्ली खिडकीत बसणे, राहणार वखारीवरच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली, भुलावणीने किंवा औषधाच्या गुंगीत केलेले नाही. दडपण आणणारी माणसे माझ्या घरात आहेत, पण ती माझ्यापुढे टिकत नाहीत.

वकिलाने आधी एक मसुदा टाइप करून आणला होता. त्यात मी आयुष्याच्या सायंकाळी, प्रेमळ कुटुंबीयांच्या सान्निध्यात, तृप्त मनाने बसलेली होते. मी त्याला विचारले, ही बाई कोण? तो मसुदा घेऊन परत गेला. म्हणून हे माझ्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. शुद्धलेखन वकिलाने तपासावे, मजकुराला हात लावू नये.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र लिहिलेले नाही. रागाच्या भरात तोंडी बरीच केली. ती सर्व रद्द समजावीत.

माझ्या मागे मुलगा, सून, लेक, जावई आणि एक नात एवढी माणसे राहतील. नात म्हणजे मुलाची मुलगी. घरात तिला ठिणगी म्हणतात, तिच्या आजोबांनी ठेवलेले नाव. ती दूर एका डोंगरावर नोकरीला आहे, तिथे हवा मोजतात. खरे सांगायचे तर या मृत्युपत्राला कारण एकच आहे. माझा मुलगा आणि त्याची मुलगी दोन वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ज्या जागेवरून बोलत नाहीत ती माझ्या नावावर आहे. वखार बंद झाल्यापासून ती जागा रिकामी पडली आहे. मुलाला दिली तर तो ती पेट्रोल पंपाला भाड्याने देणार. नातीला दिली तर ती म्हणते, "आजी, कोळशातलं मला काही नको." काहीच न ठरवता मी मेले, तर दोघे माझ्या फोटोसमोरही एकमेकांकडे पाठ करून उभे राहतील. म्हणून आधी किरकोळ गोष्टी निकालात काढते आणि मग जागेकडे येते.

कलम १. मिळकत कशी आली.

सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वकील विचारतो, कोणाच्या कष्टाने? त्याला हे वाचायला द्यावे.

लग्न होऊन मी या वखारीवर आले तेव्हा माहेरून पांढरे पडदे आणले होते. आठवड्यात ते राखाडी झाले, महिन्यात काळे. मी धुतले, वाळत घातले, पुन्हा काळे झाले. मग मी घरात काळेच पडदे लावले आणि कोणी विचारले की फॅशन आहे म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी समोरच्या घरातही काळे पडदे लागले.

सकाळी ट्रक यायचा आणि मागचे फळकूट खाली पडले की अख्खी गल्ली जागी व्हायची. कोळसा घरंगळताना जो आवाज येतो तो ज्याने ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने ऐकला त्याला सांगायची गरज नाही. ओल्या कोळशाला एक वास असतो. अजूनही हवा कुंद झाली की तो वास रिकाम्या जागेतून वर येतो. सून म्हणते, भास आहे. असेल.

बेकरीवाला पहिला यायचा, पिठाने पांढरा. आमचे हे कोळशाने काळे. दोघे शेजारी उभे राहून विड्या ओढायचे तेव्हा बुद्धिबळाची प्यादी वाटायची. मग हॉस्पिटलच्या बॉयलरवरचा माणूस, मग लोहार, मग शाळेचा शिपाई. कोण आले ते मी जिन्यावरून खोकल्यावरून ओळखत असे. मुलांना शाळेला उशीर झाला तरी चालेल पण शाळेच्या शेगड्यांना उशीर झालेला चालत नसे, एवढी थंडी पडायची तेव्हा. बायका वर बघून म्हणायच्या, "वखारवाली, तुमच्यामुळे आमचं घर ऊब धरून आहे." असे आता कोणी कोणाला म्हणत नाही.

आमच्या वखारीचा एक नियम होता: जुना माल आधी, नवा नंतर. दगडी कोळसा नुसता पडून राहिला तरी तळाला आपोआप तापतो. म्हणून ढीग माणसाच्या छातीच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि नवा माल जुन्यावर ओतायचा नाही, आधी जुना उपसून बाहेर काढायचा. रोज संध्याकाळी ढिगात लोखंडी सळई खुपसायची, थोडा वेळ ठेवायची आणि ओढून गालाजवळ धरायची. गालाला जे कळते ते हाताला कळत नाही, वखारीत हाताची कातडी मेलेली असते.

एका पावसाळ्यात यांनी आळस केला. भर पावसात जुना माल कोण उपसत बसणार म्हणून तीन ट्रक नवा माल वरून ओतला. आठवड्याने ढिगातून वाफ निघायला लागली. यांनी काय करावे, तर नळ लावला. पाणी वरून वाहून गेले, आतला विस्तव आतच राहिला, आणि वर ओल्याची खपली बसल्यामुळे बाहेरून सगळे थंड दिसू लागले. हे खुशीत वर येऊन जेवायला बसले. मी सळई घालून पाहिली आणि गाल भाजून घेतला. तो डाग अजून आहे, ओळख पटवण्यासाठी वकिलाने लिहून घ्यावा.

त्यावर उपाय एकच असतो, ढीग फोडून पसरायचा. वखारीत जागा पुरेना म्हणून आम्ही अर्धा कोळसा रस्त्यावर पसरला. बेकरीवाला फावडे घेऊन आला, लोहार आला, समोरच्या काळ्या पडद्यांची बाई पदर खोचून आली. माझा मुलगा तेव्हा हातात मावतील एवढे खडे उचलून नेत होता आणि दर खड्याला मला दाखवत होता. दिवसभर गल्लीतून एकही गाडी गेली नाही. संध्याकाळी सगळ्यांची तोंडे सारखीच काळी होती, कोण कोणाच्या घरचा ते आवाजावरून ओळखावे लागले. असे हसणे पुन्हा त्या रस्त्यावर मी ऐकले नाही. हे स्वतः मात्र कोपऱ्यात उभे राहून म्हणत होते, "मी सांगतच होतो, पसरायला हवा." मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून एवढेच लिहिते.

कलम २. वरच्या दोन खोल्या.

मुलगा व सून यांना हयातभर. सुनेने मला कधी उलट उत्तर दिले नाही. ती पाठ फिरवून भांडी ठेवायची, आणि कोणते भांडे किती जोरात ठेवले यावरून मला तिचे पूर्ण म्हणणे समजायचे. पस्तीस वर्षांत आमचे असे पुष्कळ बोलणे झाले. खोल्यांसोबत सर्व भांडी तिची. आता हळू ठेवली तरी चालतील.

कलम ३. लेक.

बँकेत जे असेल ते आणि शिवणयंत्र लेकीला. तिच्या नवऱ्याला, म्हणजे जावयाला, या कलमाखाली काही नाही. तो माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या हातात काही दिले की ते विकले जाते. लग्नात दिलेले घड्याळ त्याने वर्षाच्या आत विकले आणि वेळ विचारायला आमच्याकडे येऊ लागला.

कलम ४. हत्यारे.

फावडी, टोपल्या, सळई मुलाला. मोठा काटा नातीला द्यावा असे सगळ्यांना वाटेल, कारण लहानपणी तिला त्याच्या पारड्यात बसवून दुसरीकडे कोळसा घालत असू आणि ती आणखी घाला, आणखी घाला म्हणून ओरडायची. देऊ नये. तिच्याकडे तिचे काटे आहेत. हा भंगारवाल्याला द्यावा. काट्याचे वजन तो कशावर करतो हे मला बघायचे होते, ते राहून गेले.

कलम ५. नणंद.

मी लग्न होऊन आले त्या दिवशी नणंद चार माणसांत म्हणाली होती, "धंदा काळा, सूनही काळी, चला, घरात डाग तरी दिसायचे नाहीत." तिला माझा आरसा द्यावा. ती आता नव्वदीला टेकली आहे. उशीर झाला, पण द्यावा.

कलम ६. वरचा ढीग.

वकील म्हणतो की धूर हा मिळकतीत येत नाही. मी विचारले, मग कशात येतो? त्याने चष्मा पुसला. म्हणून हे कलम माझ्या जबाबदारीवर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी पंपवाला जागा बघायला आला होता. मुलाने कागद काढून ठेवले होते, सुनेने चहा ठेवला होता. नात सुट्टीवर आलेली. ती म्हणाली की बाबा, कोळसा झाला, आता त्याच जागेवर पेट्रोल कशाला? मुलगा मोठ्या खुशीत होता. त्याने कुठेतरी ऐकले होते की हवेत गेलेला हा वायू चार-पाच वर्षांत समुद्र आणि झाडे ओढून घेतात. त्याने पंपवाल्याला डोळा घातला आणि म्हणाला, हजार वर्षांची भीती घालतात ही मंडळी, आणि हवेतला माल तर पाच वर्षांत बदलतो. आमच्या वखारीतसुद्धा पंधरवड्याच्या वर खडा राहत नसे.

ही चूक वखारवाल्याच्या घरातच होऊ शकते. माल हलला की धंदा साफ, हेच आम्ही त्याला शिकवले होते.

नातीने कप खाली ठेवला. "माल बदलत होता, बाबा. ढीग उतरला का कधी?"

मुलगा टेबलावरचे कागद पुन्हा जुळवू लागला. कारण वखार त्यानेच चालवली होती. तीस वर्षे तो ढीग छातीएवढा होता. त्यातला एकही खडा पंधरवड्याहून जुना नव्हता, पण जितके ट्रक जायचे तितके यायचे, मग ढीग उतरणार कुठून? पंपवाला हसला. तो हसला नसता तर पुढचे काही झाले नसते. नातीला चेव आला आणि ती म्हणाली, "तुम्ही जन्मभर जे विकलंत ना, ते अजून वरच आहे." मुलगा उठून खाली निघून गेला. पंपवाल्याने आपला चहा प्यायला, मग मुलाचाही प्यायला. नात दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, ती आजतागायत घरी आलेली नाही. फोन मला करते. मुलगा फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जातो आणि दार थोडे उघडे ठेवतो.

नंतर मी तिला फोनवर विचारून घेतले, कारण माझ्या मालाचे पुढे काय झाले हे मला कळायला हवे होते. तिने जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे. हवेतसुद्धा एक ढीग पूर्वीपासून होता. समुद्र आणि झाडे त्यातून माल घेतात आणि तितकाच परत टाकतात, त्यामुळे ढिगाची उंची एक ठरलेली होती. तिथे जुना आधी, नवा नंतर असा नियम नाही, कोणता खडा कधी उचलला जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे एकेक खडा लवकर बदलतो हे माझा मुलगा म्हणाला ते खोटे नाही. पण माणसांनी जमिनीच्या पोटातून वेगळ्या टोपल्या काढून वर ओतायला सुरुवात केली. आम्हीही ओतल्या. तो वरचा भर उतरायला किती वेळ लागतो, हा निराळा प्रश्न आहे. माणसाच्या एका आयुष्यात निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडे घेतात. घेतात म्हणजे उपकार नव्हे, समुद्राला तो बाधतो. मग काम मंदावते. आणखी काही शेकडो वर्षांत थोडा उतरतो. आणि पाच टोपल्यांतली एक, किंवा जरा जास्त, हजारो वर्षे तशीच राहते, शेवटी दगडात मुरेपर्यंत.

मी विचारले, म्हणजे तुझा बाप पोटात असताना मी विकलेला कोळसा?

ती म्हणाली, थोडा आहे वर.

तू म्हातारी होशील तेव्हा?

तेव्हाही.

आणि तुझी नात?

ती म्हणाली, "आजी, तिची नात, आणि तिच्याही नातीची नात. आपण बोलतो ही भाषा तेव्हा कोणाला येत असेल की नाही माहीत नाही. तो असेल."

त्या दिवशी मी जेवले नाही असे सून सगळ्यांना सांगते. ते पोट बिघडले होते म्हणून.

मी माफी वगैरे लिहिणार नाही. हॉस्पिटलचा जो बॉयलर आमच्या कोळशावर चालायचा त्याने जो वॉर्ड गरम राहायचा, त्याच वॉर्डात ही पोरगी सात महिन्यांची जन्मली आणि जगली. तिचे हाड न् हाड कोळशाच्या पैशाच्या दुधावर वाढले. तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते आमच्या गल्लीत सांगायला आले नाहीत. पण रस्त्यावर सांडलेला माल आपला नव्हे, असे म्हणणारा वखारवाला मी पाहिलेला नाही. सांडला की आपला.

सबब, वरच्या ढिगातला माझा वाटा मी माझ्या सर्व वारसांना सारखा देते, जावयासह. तो विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही आणि नको म्हणता येणार नाही. कुठे नाव लावून घ्यावे लागत नाही. श्वास घेतला की ताबा मिळाला.

कलम ७. देह.

मला जाळावे. लाकडावर. हे लिहिताना मला वाटले की आता आपणही त्या ढिगात भर घालणार, म्हणून नातीला विचारले. ती म्हणाली की माणसाचा धूर त्या हिशेबात धरत नाहीत. आपण जे खातो ते परवा-तेरवा शेतात उगवलेले, झाड वाढले ते काही वर्षांत, म्हणजे हवेतूनच घेतलेले आणि हवेलाच परत. इस्त्रीवाल्यासाठी आम्ही कोपऱ्यात लाकडी कोळसा ठेवायचो तोही त्यातलाच. दगडी कोळसा म्हणजे माणूस जन्मायच्या कितीतरी आधी गाडलेले रान, ते उकरून काढले म्हणून भर पडली.

म्हणजे जन्मभर कोळसा विकला, आणि शेवटी माझा स्वतःचा धूर मोजण्यातलाच नाही. यांनी हे ऐकले असते तर दोन दिवस हसले असते. रात्री धंदा आवरल्यावर हे मोरीत पाठ काढून बसायचे आणि मी दगडाने घासायचे. काळे पाणी वाहून जायचे, खालून गोरा माणूस निघायचा. रोज निघायचा, तरी रोज मला नवल वाटायचे. ते मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. चढून बसले असते.

कलम ८. वखारीची जागा.

फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंतची सर्व जागा मी नातीला देते, पुढील अटींवर.

एक. फाटकाजवळची खोली, तिथले टेबल आणि खुर्ची माझ्या मुलाची, त्याच्या हयातभर. तो चौदाव्या वर्षापासून तिथे बसला आहे. धंदा बंद झाल्यावरही रोज दहा वाजता खाली जातो, कुलूप काढतो, बसतो, एक वाजता जेवायला वर येतो. काय करतो ते मी विचारलेले नाही. त्याला तिथून उठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मालकिणीलाही नाही.

दोन. मालकिणीने जागेत झाडे लावली तर सावलीसाठी लावावीत. आजीच्या कोळशाची भरपाई केली म्हणून पाटी लावू नये. आपल्या वखारीचा माल फेडायला किती झाडे लागतील, असे मी तिला विचारले होते. ती आधी हसली आणि मग म्हणाली, आपल्या जागेत मावणार नाहीत.

तीन. मी गेल्यावर वर्षाच्या आत तिने लेखी कळवावे की जागा घेतली. कळवले नाही किंवा नको म्हणाली, तर सर्व जागा जावयाला जाईल. तो ती त्याच दिवशी दुपारच्या जेवणाआधी पंपवाल्याला विकेल, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसावी.

हे कलम मी काल रविवारी वाचून दाखवले. मुलगा, सून आणि वकील समोर होते. नात फोनवर होती. सुनेने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, आणि मुलाला दुसऱ्या खोलीत जायचे होते तर तिने दारातच खुर्ची टाकून भाजी निवडायला घेतली होती.

वाचून झाले. मग फोनमधून आवाज आला.

"आजी, हे ब्लॅकमेल आहे."

"हे मृत्युपत्र आहे," मी म्हटले. "फरक एवढाच, की यात मी मरते."

वकील खाली मान घालून काहीतरी लिहू लागला. मला वाटले आता फोन ठेवणार ही. तेवढ्यात मुलगा बोलला. माझ्याकडे बघून बोलला, पण आवाज टेबलाकडे गेला.

"आई, माणसाचं नाव तीन पिढ्यांत पुसलं जातं. माझं म्हणून हजार वर्षं काय राहणार, तर धूर. आणि ते मला माझ्याच मुलीनं सांगायचं. परक्या माणसासमोर."

पंपाचे त्याला काही नव्हते, हे मला तेव्हा कळले. पंपवाल्याचा शेवटचा फोन येऊनही वर्ष झाले होते.

नात म्हणाली, "बाबा, वर कोणाचा कोणता ते वेगळं निघत नाही. आम्ही रोज मोजतो. तुमचा, मी ज्या बसनं इथे डोंगरावर येते तिचा, त्या पंपवाल्याचा. सगळा एकच."

"मग त्या दिवशी 'तुम्ही विकलंत' म्हणालीस."

"हो."

"एकट्या मला."

"चुकलं माझं, बाबा."

सुनेने भाजीची परात उचलली आणि पुन्हा ठेवली. आवाज अजिबात झाला नाही. एवढ्या वर्षांत प्रथमच.

मुलाने टेबलावरचा फोन उचलला, तो मोठा आवाज बंद कसा करतात हे सुनेला खुणेने विचारले, आणि कानाला लावून जिना उतरून गेला. पुढचे काही मला ऐकू आले नाही. खिडकीतून दिसले ते लिहिते. तो फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला, पुन्हा गेला. मध्येच थांबून हाताने जमिनीपासून छातीपर्यंतची उंची दाखवत होता, मग हात पसरून लांबी दाखवत होता. फोनवर दिसत नाही हे तो विसरला होता. वकील घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्याला सांगितले की आज फी वाढवून घे, पण बस.

मुलगा वर आला तेव्हा फोन गरम झाला होता. मी विचारले, काय म्हणाली?

"शनिवारी येते म्हणाली."

"जागा घेते म्हणाली का?"

तो डोके खाजवत उभा राहिला. "ते विचारायचं राहिलं, आई."

सबब, अट क्रमांक तीनमधले जावयाचे नाव मी खोडलेले नाही. शनिवारी तिने घेते म्हणून लिहून दिले तर त्याच वेळी सर्वांसमोर खोडीन. नाही दिले तर नाव आहे तसे राहील.

हे सर्व मी शुद्धीत, स्वखुशीने, चष्मा लावून लिहिले, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि मग सही केली. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे.

सही: (वखारवाली)

साक्षीदार पहिला: गल्लीतला इस्त्रीवाला. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकील म्हणाला, म्हणून याला काही दिलेले नाही. यावरून त्याने तोंड पाडू नये.
सही

साक्षीदार दुसरी: दवाखान्याची डॉक्टरीण. लेखिकेची प्रकृती तपासली, समज पूर्ण शाबूत आहे. समज गरजेपेक्षा जास्त आहे असे लिहिले होते, ते वकिलाच्या सांगण्यावरून कमी केले.
सही

ठिकाण: वखारीवरची खोली, खिडकीजवळ
दिनांक: सोमवार, ९ डिसेंबर २०२४